छिद्रांमध्ये कसलं करिअर?

प्रश्न : माझी मुलगी टीवाय बीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तिने सच्छिद्र सिलिका बनवली आणि आता ‘यातच पीएचडी करणार’ म्हणते. घरचे म्हणतात, एमबीए कर, छिद्रांवर पोट भरत नाही. तिने एका खासगी संस्थेचा नॅनोटेक्नॉलॉजीचा एमएस्सी कोर्सही पाहून ठेवलाय, पण फी ऐकून धडकी भरली. काय करावं? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, लेक नेमकं काय करते ते आधी पाहू, म्हणजे घरच्यांना उत्तर देता येईल. मेणाच्या मूर्तीवर माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत पितळ ओततात. हे काम त्याच जातीचं. इथे मेणाच्या जागी सीटॅब नावाचं रसायन असतं. पाण्यात त्याचे रेणू एकत्र येऊन बारीक नळकांड्या तयार होतात, त्यांच्याभोवती सिलिका, म्हणजे वाळूतलाच मुख्य घटक, जमते. मग सुमारे ५५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत सीटॅब जळून जातं आणि मागे काही नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), एकसारखी छिद्रं उरतात. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये असा पदार्थ जाहीर केला, तो एमसीएम-४१. त्याच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे!

पोट भरण्याचं म्हणाल, तर साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत डोकवा. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल ९५-९६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर उरलेलं पाणीही काढावं लागतं. ते बहुतेक ठिकाणी झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाचे दाणे काढतात : छिद्रं इतकी अरुंद की पाणी आत शिरतं, इथेनॉल बाहेर राहतं. रिफायनरीतले उत्प्रेरक, औषध कंपन्यांत मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राचे कॉलम, पाणी शुद्ध करणारी रेझिन्स, सगळीकडे छिद्रांचाच खेळ. अशी रेझिन्स बनवणारी थरमॅक्स पुण्याचीच. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेलही सच्छिद्र पदार्थांनाच मिळालं, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळ्यांना.

पण तिच्या कानावर हेही घाला : सीटॅबच्या साच्यातली सिलिका अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. महागडा साचा जाळून टाकायचा, हे कारखान्याला परवडत नाही. त्यामुळे नोकरी ‘एमसीएम-४१ येतं’ म्हणून मिळणार नाही. उत्प्रेरक आणि शोषक पदार्थ कळतात, मोजता येतात, म्हणून मिळेल.

म्हणूनच त्या नॅनो कोर्सला माझा स्पष्ट नकार. नाव चकचकीत, पण पायाची केमिस्ट्री थोडक्यात उरकलेली, असे कोर्स मी बरेच पाहिलेत. तिने इनऑर्गेनिक किंवा फिजिकल केमिस्ट्रीत साधं एमएस्सी करावं. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी, विद्यापीठाची प्रवेश परीक्षाही द्यावी. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. म्हणजे पीएचडीचा भार तुमच्यावर फारसा पडत नाही, मात्र एमएस्सी धरून सात-आठ वर्षं जातात. हा हिशेब घरात आधीच मांडा. जागेसाठी लांब जायलाही नको : एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर आणि सी-मेट, या तिन्ही संशोधन संस्था पुण्याच्या पाषाण भागातच. एनसीएलमध्ये तर झिओलाइट उत्प्रेरकांवर कित्येक दशकं काम झालंय.

एमबीए मात्र आत्ता नको. तांत्रिक नोकरीची तीन-चार वर्षं झाल्यावर ते जास्त कामाला येतं.

आता खरी परीक्षा. पांढरी पूड काढणं सोपं, पण ती सच्छिद्र आहे हे दाखवायला उणे १९६ अंशांवर तिच्यात नायट्रोजन किती शिरतो ते मोजून आलेख काढावा लागतो. भट्टी घाईने तापवली तर रचना कोसळूही शकते, आणि ते या आलेखावर कळतं. तिच्या प्रोजेक्टचा या मोजणीचा रिपोर्ट (त्याला बीईटी रिपोर्ट म्हणतात) आहे का, ते विचारा. असेल तर तो आलेख तिने तुम्हाला समजावून सांगावा. नसेल, तर मोजणी कुठे करून मिळेल हे गाइडना विचारून सुट्टीत तेवढं करावं. त्या कंटाळवाण्या मोजणीतही तिचं मन रमलं, तर जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतो, तो भरू द्या.