बाबा थिएटरात रडले, मग आता काय झालं?

पत्र थोडक्यात असं: ‘मी २५ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातली, नोकरी करते. आम्ही सहकुटुंब “सैराट” पाहिला, तेव्हा शेवटी बाबा हुंदके देऊन रडले. आता एका दलित मुलाशी लग्न करायचंय म्हटल्यावर म्हणाले, “पिक्चर डोक्यात गेलाय तुझ्या, पाय मोडून ठेवीन.” तो निर्व्यसनी आहे, अधिकारी आहे, त्यांच्यातला वाटतच नाही. बाबांना कसं पटवू? की पळून जाऊ?’

अगं, बाबांचं रडणं खोटं नव्हतं. ते आर्ची-परश्यासाठी रडले. पण आर्चीच्या वडिलांच्या, तात्यांच्या जागी स्वतःला बसवून त्यांनी तो सिनेमा पाहिलाच नाही. भावकीत तोंड कसं दाखवायचं ही भीती थिएटरात नसते, ती घरात असते. त्यामुळे ‘तेव्हा कसे रडलात?’ असा टोमणा मारू नकोस. नुसते भडकतील.

मला जास्त खुपलं ते तुझं वाक्य: ‘त्यांच्यातला वाटतच नाही.’ हे आपल्याला सिनेमानंही शिकवलंय. १९३६ च्या ‘अछूत कन्या’त देविका राणीची कस्तुरी रेल्वेपुढे जीव गमावते, तेव्हा कुठे पूज्य ठरते. १९५९ च्या ‘सुजाता’त नूतन रक्त देते, मग सांभाळणाऱ्या आईला ती आपली वाटते. म्हणजे आधी लायकी सिद्ध करा, मग बघू! तूही बाबांपुढे त्याच्या चांगुलपणाचे दाखलेच मांडतेयस. तुमच्या जातीतल्या नवऱ्यामुलांना ‘घेतोस का?’ असं कुणी कधी विचारलं होतं का? बाबांना एवढंच सांग, की मला हा आवडलाय आणि मी त्याच्याशीच लग्न करणार. मामा किंवा आत्या, ज्यांचं ते ऐकतात, त्यांना आधी विश्वासात घे.

पळून कशाला जायचं? सज्ञान आहेस. पण तयारी हवी. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ३० दिवस नोटीस लागते आणि ती वाचून घरी बातमी पोचवणारे महाभाग असतातच. दोघंही हिंदू किंवा बौद्ध असाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विधी करून मग नोंदणी करता येते. तिथे ही नोटीस नाही आणि जात आड येत नाही.

‘पाय मोडीन’ हे रागाचं बोलणं आहे की खरंच धोका, हे तुलाच जास्त कळेल. भावाचा आणि चुलत्यांचाही अंदाज घे, ‘सैराट’मध्ये घात भावानंच केला होता. आधार, जन्मदाखला, मार्कशीट आजच घराबाहेर विश्वासू मैत्रिणीकडे ठेव, पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड स्वतःजवळ. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या शक्तिवाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष उभारायला सांगितलंय. धोका वाटला तर पोलीस अधीक्षक कार्यालयात दोघांच्या सहीनं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका.

आणि हो, तुझ्या पत्रात त्याच्या घरच्यांबद्दल एक ओळही नाही. या लग्नात मार खायची भीती बहुतेक वेळा त्यांच्या दाराशी आधी येते. त्याच्या आईला हे माहीत आहे का? नसेल तर पुढचं काही ठरवायच्या आत जाऊन भेट तिला.