सोनं गाळताना निघणारा तांबूस धूर कसला असतो? तेजाब बनतं कसं?

झवेरी बाजारात गाळणीवाल्याकडे दिसलेल्या तांबूस धुराबद्दल आणि तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, कसं तयार होतं याबद्दल तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर एकाच वायूपाशी येतं. माझे काका काळबादेवीत सोनं गाळायचे आणि मी चेंबूरकडे नायट्रिक ॲसिडच्या प्लांटवर ऑपरेटर होतो.

काका जुन्या दागिन्यांच्या सोन्यात आधी चांदी मिसळायचे, सोनं चौथा हिस्सा उरेल इतकी. मग त्याच्या पातळ पट्ट्या तेजाबात. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तपकिरी चुऱ्यासारखं तळाशी राहतं. हे होताना थोडं ॲसिड मोडून नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो. तोच तो धूर.

प्लांटमध्ये हाच वायू आम्ही मुद्दाम बनवायचो. पूर्वी शोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणि गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) तापवून तेजाब काढत. अमोनियापासून करायच्या पद्धतीचं पेटंट रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने 1902 साली घेतलं. हवेत सुमारे 10 टक्के अमोनिया मिसळून प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारेच्या जाळ्यांतून सोडतात. जाळी कापडासारखी बारीक विणलेली, तापमान 850 ते 900 अंश. काचेच्या झरोक्यातून ती नारिंगी फुललेली दिसायची, आणि एकदा पेटली की स्वतःच्याच उष्णतेवर तशीच राहायची. वायू तिथे सेकंदाचा हजारावा भाग जेमतेम थांबतो. रेंगाळला, तर अमोनियाचा नुसता नायट्रोजन होऊन माल वाया.

जाळीतून निघतो तो नायट्रिक ऑक्साइड, बिनरंगी. थंड होताना ऑक्सिजन घेऊन त्याचा तांबूस नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि उंच टॉवरमध्ये वरून येणाऱ्या पाण्यात विरतो. तिथे तीन रेणूंमागे दोनांचंच ॲसिड होतं. तिसरा नायट्रिक ऑक्साइड होऊन परत फिरतो, पुन्हा ऑक्सिजन घेतो. टॉवर एवढा उंच लागतो तो याचसाठी. खाली साधारण 60 टक्क्यांचं ॲसिड जमतं.

म्हणजे गाळणीच्या धुराड्यातून जातं ते पाण्यात धरता येण्याजोगं ॲसिडच. स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारं यंत्र, बसवायलाच हवा, कारण छातीतल्या ओलाव्यातही त्याचं ॲसिड होतं. काकांकडच्या एका कारागिराला दुपारी नुसता खोकला होता. रात्री श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागतात. असा धूर छातीत गेला असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी जाऊन झोपू नका. सरळ इस्पितळ गाठा आणि तेजाबाचा धूर लागलाय, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.