मुलांना आधीच काय येतं हे कसं ओळखायचं? तुमचे प्रश्न

शाळा सुरू झाल्या की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. पूर्वज्ञान चाचणी, म्हणजे शिकवण्याआधी मुलांना काय येतं ते बघणारी चाचणी, घ्यायची का, कधी घ्यायची, तिच्या मार्कांचं करायचं काय. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकत्रच लिहिते. नावं गाळलीयत.

पेडण्याच्या एक शिक्षिका : पूर्वज्ञान चाचणीचे मार्क रिझल्टमध्ये धरू का?

नाही. धरले की मुलं शेजारच्याचं बघून लिहिणार आणि तुम्हाला हवी होती ती माहिती गेलीच.

फोंड्याचे एक सर : सहावीला दशांश अपूर्णांक शिकवायचेत. आधी चाचणी घ्यायची तर किती प्रश्न काढू?

दहा-बारा पुरे, वीस मिनिटांत संपले पाहिजेत. पण कितीपेक्षा कुठले हे बघा सर. ०.८ मोठा की ०.४५ हे विचारा, बरीच मुलं ०.४५ म्हणतील कारण ४५ हे ८ पेक्षा मोठे, आणि आपण वर्गात 'शून्य पूर्णांक पंचेचाळीस' असं वाचून त्यात भरच घालतो. आता गंमत नाही तर धोका असा की ०.७३ मोठा की ०.६ एवढंच विचारलंत तर तोच मुलगा बरोबर उत्तर देतो, चुकीच्या कारणाने, आणि तुम्ही खूश होऊन पुढे जाता. म्हणून दोन्ही जोड्या विचारा, खाली 'असं का वाटतं' म्हणून एक ओळ लिहायला सांगा. पर्याय देत असाल तर 'माहीत नाही' हाही ठेवा म्हणजे ठोकून दिलेली उत्तरं कमी होतील. आणि पेपर काढण्याआधी पाचवीला गणित शिकवलेल्या टीचरना विचारा, कुठे गाडी अडली होती ते त्यांना नक्की माहीत असतं.

सत्तरीच्या एक शिक्षिका : आमच्याकडे पाचवीत मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळांतून मुलं येतात. गणिताची चाचणी इंग्रजीतून घेतली, निम्म्याहून जास्त मुलं नापास. हेडमास्तर म्हणतात खालच्या शाळेत काही शिकवलेलंच नाही. वीक मुलांचा वेगळा गट करू का?

बाई, अजिबात करू नका, आधी मला सांगा तुम्ही गणित तपासलंत की इंग्रजी?

आपल्याकडे गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोकणी माध्यमाच्या आणि पाचवीपासून बहुतेक सगळीकडे इंग्रजी. म्हणजे चौथीपर्यंत बाकी, छेद, अंश म्हणत आलेल्या मुलासमोर एका सुट्टीनंतर रिमेंडर, डिनॉमिनेटर, न्यूमरेटर येतात. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत तरी घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंय, आणि इथे नेमक्या पाचवीतच भाषा बदलते. हे वर्षानुवर्षं चाललंय आणि दर वर्षी नव्याने त्या मुलांवर 'कच्चे' असा शिक्का बसतो, याचा मला खरंच राग येतो.

एका शाळेत मी एका मुलीजवळ बसले होते. ४७ ला ५ ने भागून रिमेंडर काढा असा इंग्रजीतला प्रश्न, तिने कोरा सोडलेला. मी म्हटलं, ४७ नारळ आहेत, पाच-पाचचे ढीग घातले तर किती उरतील? "दोन," लगेच, बोटंही मोजली नाहीत. त्या पेपरात तिला शून्य होतं, आणि त्या शून्यावरून तिला मागच्या बाकावर बसवलेलं होतं.

तर असं करा. तेच दहा प्रश्न आकडे बदलून घरच्या भाषेत पुन्हा घ्या, मराठीत नाहीतर कोकणीत, वाचायला जड जात असेल तर तुम्ही मोठ्याने वाचा, तोंडी घेतलंत तर अजून बरं. मग दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघा. जिथे घरच्या भाषेत बरोबर आणि इंग्रजीत चूक तिथे त्या मुलाला पुन्हा भागाकार शिकवू नका, त्याला शब्द द्या, भिंतीवर दोन्ही भाषांतले शब्द लावा, रोज वापरा, पेपरातही काही दिवस दोन्ही शब्द छापा. दोन्हीकडे चूक असेल तरच संकल्पना कच्ची आहे असं समजा आणि मग ती नारळ, बिया, काड्या घेऊन पहिल्यापासून करा. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकच औषध देऊन चालत नाही. घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलं असतील तर ती भाषा येणारं स्टाफमधलं कोणी, किंवा वरच्या वर्गातला मुलगा जवळ बसवा.

गट करायचेच तर त्या त्या घटकापुरते करा आणि पाच-सहा आठवड्यांनी मोडून परत बांधा. आणि कृपा करून त्या प्राथमिक शाळेत फोन करा, त्या शिक्षिकेने हीच मुलं चार वर्षं बघितलीयत. हेडमास्तरांना सोबत घेऊनच हे करा, एकटीने लढू नका.

म्हापशाहून एक पालक : एका क्लासने मुलाची फ्री डायग्नोस्टिक टेस्ट घेतली, रिपोर्टात अर्धे विषय लाल दाखवलेत आणि वर्षाचं पॅकेज लगेच घ्या म्हणतायत. बोटांचे ठसे घेऊन मूल व्हिज्युअल (बघून शिकणारं) की ऑडिटरी (ऐकून शिकणारं) तेही सांगणार आहेत.

पैसे भरू नका. जो टेस्ट घेतो तोच औषध विकत असेल तर रिपोर्ट लालच येणार! मुलाने सोडवलेला पेपर मागा, नुसता रंगीत चार्ट नको, आणि देत नसतील तर उठून या. बोटांच्या ठशांवरून बुद्धी मोजायच्या टेस्टला शास्त्रीय आधार नाही हे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१९ साली स्पष्ट सांगितलंय. व्हिज्युअल-ऑडिटरीचंही तसंच, २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं, आणि त्या शैलीप्रमाणे शिकवल्याने मूल जास्त शिकतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. शेजारच्या काकी काय म्हणाल्या ते सोडा, मुलाच्या वर्गशिक्षकांना जाऊन भेटा.

मडगावचे एक प्राध्यापक : बीएससीच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवतो. बारावीत ९० टक्के घेऊन आलेल्यांची कसली पूर्वचाचणी घ्यायची?

त्यांचीच घ्या. वर फेकलेलं नाणं वर जाताना त्याच्यावर कुठली बलं आहेत विचारा, हवेचा विरोध सोडून. असतं ते फक्त खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण, पण वरच्या दिशेनेही एक बल दाखवणारे बरेच निघतील आणि तेच विद्यार्थी सूत्रात आकडे घालून उदाहरण बरोबर सोडवतील. असेच प्रश्न विचारणारी फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची चाचणी १९९२ पासून जगभर वापरली जाते, तीत आकडेमोड जवळपास नाहीच. विभागातल्या सहकाऱ्यांशी बोलून सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीदा घ्या.

डिचोलीचे एक सर : सुरुवातीला अॅडमिशनची गडबड असते. चाचणी चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, घेतली तर?

नको. चवथीपर्यंत तुमचे तीन-चार धडे मुलांच्या डोक्यावरून गेलेले असतील. पहिल्या आठवड्यातच घ्या, उशिरा येणाऱ्यांची येतील तशी तोंडी घ्या. आणि घेऊन कपाटात ठेवणार असाल तर घेऊच नका, दुसऱ्या दिवशीच्या तासात काहीतरी बदललं पाहिजे.

साखळीहून एक आई : मुलगी तिसरीत आहे, तोंडी सगळं सांगते पण वाचताना अक्षरं अडतात. टीचर म्हणतात येईल हळूहळू. थांबू का?

थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग एक साधं करून बघा, तिला अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीतला छोटा परिच्छेद, मग दुसरीची गोष्ट वाचायला द्या आणि ती नेमकी कुठे अडते ते लिहून ठेवा, ओरडू नका. तो कागद घेऊन टीचरना आणि शाळेत येणाऱ्या कौन्सेलरना भेटा, त्यांना गरज वाटली तर ते पुढच्या तपासणीला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवतील. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सियाच असं नेटवर वाचून घरी ठरवू नका, पण तपासणीत तसं निघालंच तर २०१६च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश आहे, त्यामुळे परीक्षेतल्या सवलतींसाठी अर्ज करता येतो. याच आठवड्यात टीचरची वेळ मागा.