जुहूच्या चौपाटीवर लाल बावटा नसेल, तर पाणी पोहण्याइतकं स्वच्छ आहे असं समजायचं का?

नाही, तो बावटा लाटा आणि ओढीसाठी असतो. पाण्यातल्या घाणीशी त्याचा संबंध नाही. पोहण्याच्या समुद्री पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे: १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू १०० पर्यंत. महाराष्ट्राचं मंडळ जुहूचं पाणी तपासतं, आकडे संकेतस्थळावर टाकतं. पण हे जंतू प्रयोगशाळेत वाढवून मोजायलाच दोन-तीन दिवस जातात, म्हणजे आकडा नेहमी शिळाच. त्यापेक्षा इर्ला नाला समुद्राला मिळतो तिथून लांब राहा आणि जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस पाण्यात उतरूच नका. अर्थात कोरड्या दिवसांतही पाणी स्वच्छच असेल असं नाही. अंगावर उघडी जखम असेल तर वाळूतच बसा.