दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं ईस्टर्न फ्लीट, म्हणजे हिंदी महासागरातला नौदलाचा ताफा, श्रीलंकेहून केनियातल्या मोंबासाला का गेला?

जपानच्या धास्तीने. एप्रिल 1942 मध्ये जपानी विमानांनी आधी कोलंबो, मग त्रिंकोमाली झोडपलं. ‘हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडाली. श्रीलंकेत राहण्यात अर्थ नाही हे ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल सॉमरव्हिल यांनी ओळखलं. वेगवान जहाजं घेऊन ते काही दिवस मुंबईत आले, तर जुनी, संथ जहाजं थेट मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात गेली. पुढे मुख्य तळ तिथेच झाला.

मला जास्त गंमत वाटते ती जपानी कूटसंदेश उलगडणाऱ्या ब्रिटिश पथकाची. तेही कोलंबोहून मोंबासाला गेले आणि तिथल्या एका शाळेत बसले. शाळेला नाव कच्छहून आलेल्या अलिदिना विश्राम या व्यापाऱ्याचं! जपानी मालवाहू जहाजांची सांकेतिक लिपी त्यांनी 1942 च्या अखेरीस तिथेच फोडली.