नव्या डाळमिलवाल्या भावासाठी

भाऊ, मिल टाकलीस, फार चांगलं केलंस. पण मिलला लगेच मोठी मोटार बसवायच्या मागं लागू नको, नवखे इथंच फसतात. दिवसाला किती क्विंटल यापेक्षा माणशी तासाला किती किलो डाळ निघाली, ते वहीत लिही. मग दिसेल, मशीन बराच वेळ नुसती उभी असते: तेल-पाणी लावलेली तूर वाळलेली नाही, चाळणी बुजली, लाइन (वीज) गेली.

- लाइन असताना भरडणी. नसताना निवडणं, पोती शिवणं.
- मे महिन्यात पारा कधी कधी ४५ च्या वरही जातो. काम पहाटे सुरू कर, दुपारी सुट्टी दे. उन्हात हात मंदावतो, चुका वाढतात.
- मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी चुकती कर. हाताखाली तयार झालेला माणूस गेला तर फार नुकसान.

दुसऱ्या मशीनचं पुढच्या हंगामात बघू.