जुना ऑसिलोस्कोप बंद आहे आणि आतले आयसी कुठेच मिळत नाहीत. दुरुस्त होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा ४६५ हा ऑसिलोस्कोप (विजेच्या सिग्नलचा आलेख पडद्यावर काढणारं यंत्र) हाती आलाय, चालू केला तर पडदा काळाच. झाकण काढल्यावर १५५ने सुरू होणाऱ्या नंबरांचे आयसी दिसले, ते कुठेच मिळेनात. मग त्यांच्यासाठी दुसरा बंद पडलेला ४६५ घ्यावा का?

आत्ताच घेऊ नका. पडदा काळा आहे आणि आयसी दुर्मिळ आहेत, एवढंच आपल्याला माहीत आहे. आयसी मेल्यामुळेच पडदा काळा आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. हा स्कोप १९७२ मध्ये आला. पन्नाशी उलटलेल्या यंत्रात आधी थकतात ते कपॅसिटर, सॉकेट आणि स्विचचे कॉन्टॅक्ट. आयसीचा नंबर सहसा त्यांच्यानंतर लागतो.

पॅनेलवर बीम फाइंडचं बटण आहे. ट्रिगर ऑटोवर ठेवा, इंटेन्सिटी वाढवा आणि ते दाबून धरा. ठिपका किंवा रेषा दिसली तर पडद्याची ट्यूब आणि तिचं हाय व्होल्टेज शाबूत आहे, फक्त किरण पडद्याबाहेर पळालाय. काहीच दिसलं नाही तर सप्लायकडे, म्हणजे आतल्या भागांना ठराविक व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटांकडे, वळा. या स्कोपमध्ये पाच सप्लाय आहेत: ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्ट. त्यातला ५५चा बाकीच्यांचा संदर्भ आहे, त्यामुळे तो चुकला की सगळेच चुकतात. सर्व्हिस मॅन्युअलची स्कॅन प्रत सहज मिळते, तिच्यात मोजायच्या जागा दाखवल्यात. आधी यंत्र बंद ठेवून प्रत्येक सप्लायचा ग्राउंडशी रेझिस्टन्स पाहा, मग चालू करून व्होल्टेज. रिपलही, म्हणजे त्या व्होल्टेजमध्ये उरलेली लहर, बघा. ट्यूबच्या बाजूला हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ टिकून राहतात, तेव्हा तिकडे हात नको.

एखादा सप्लाय जवळजवळ शून्यावर दिसला तर माझा पहिला संशय टॅन्टलम कपॅसिटरवर. थेंबासारखे, रंगीत, निरुपद्रवी दिसतात आणि एक दिवस आतून शॉर्ट होतात. अडचण अशी की एकाच सप्लायवर असे बरेच असतात आणि मीटरला सगळे शॉर्टच दिसतात, कारण ते समांतर जोडलेले असतात. प्रत्येकाचा एक पाय उपटत बसू नका, जुन्या बोर्डाचे ट्रॅक उखडतात. स्कोप बंद असतानाच बाहेरच्या सप्लायने त्या लाइनवर एखादाच व्होल्ट द्या, करंटला मर्यादा घाला आणि ट्रॅकवर जागोजागी मिलिव्होल्ट मोजत जा. करंट ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला आकडा घटत जातो, आणि जिथे तो सर्वांत कमी, तिथे चोर. नवा कपॅसिटर लावताना व्होल्टेज रेटिंग वरचं घ्या. १५ व्होल्टच्या लाइनवर २० व्होल्टचा टॅन्टलम ही मूळचीच कंजुषी आहे.

आता दुर्मिळ पार्टच्या मागे लागण्याबद्दल माझी फजिती सांगतो. माझ्या पहिल्या स्कोपमध्ये एक चॅनेल मेलेला होता. सिग्नल एका खास आयसीत जाताना दिसायचा, बाहेर येताना नाही. निदान झालं म्हणून मी खूश. तो आयसी शोधण्यात पाच-सहा महिने गेले. अखेर मिळाला, बसवला, चॅनेल जिवंत झाला. पुढे कधीतरी सहज म्हणून जुना आयसी परत त्याच सॉकेटमध्ये लावला तर तोही उत्तम चालला! दोष सॉकेटच्या ढिल्या पडलेल्या पानांत होता. सहा महिने मी साप समजून भुई धोपटत होतो. तेव्हापासून संशयित आयसी आधी काढून परत बसवतो, आणि दोन चॅनेलचे आयसी सारखे असतील तर आपसात बदलून पाहतो. दोष आयसीबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेला तरच आयसीला दोषी धरायचं.

नंबरांचं म्हणाल तर ते वाटतात तितके गूढ नाहीत. टेक्ट्रॉनिक्सच्या पद्धतीत १५५ म्हणजे खास त्यांच्यासाठी बनलेला आयसी, पण १५६ म्हणजे बाजारातलाच आयसी, फक्त त्यावर घरचा नंबर. १५१ ट्रान्झिस्टर, १५२ डायोड. १५१-०१९०-०० हा भारदस्त नंबर साध्या २एन३९०४चा आहे! ह्युलेट-पॅकार्डचंही तसंच: १८५४ म्हणजे एनपीएन जातीचा ट्रान्झिस्टर, १८५३ पीएनपी जातीचा, १८२० डिजिटल आयसी, १८२६ ॲनालॉग. कोणता नंबर म्हणजे कोणता पार्ट याच्या याद्या लोकांनी जतन केल्या आहेत, त्या आधी चाळा. आणि आयसीवर ७४२५ दिसलं तर लगेच ७४०० मालिकेतला समजू नका, ते १९७४ सालचा २५वा आठवडाही असू शकतो.

मात्र घरचा नंबर कधीकधी खरोखर वेगळेपणासाठीही असतो: निवडून घेतलेला, जास्त व्होल्टेज सोसणारा किंवा जोडीने जुळवलेला. म्हणून पर्यायी ट्रान्झिस्टर लावताना त्याचं काम काय ते सर्किटमध्ये बघा. सप्लायमध्ये व्होल्टेज, करंट आणि उष्णता सांभाळली की बहुतेक निभतं. व्हर्टिकल ॲम्प्लिफायरमध्ये, म्हणजे सिग्नल वाढवून किरण वर-खाली हलवणाऱ्या भागात, स्पीड आणि कपॅसिटन्स दोन्ही जुळावे लागतात. तिथे 'जास्त फास्ट म्हणजे जास्त चांगला' हे खोटं ठरतं, सर्किट स्वतःच ऑसिलेट व्हायला, म्हणजे नसलेला सिग्नल आपणच तयार करायला लागतं. बेसच्या पायात फेराइट बीड (फेराइटचा छोटा मणी) ओवली तर पुष्कळदा शांत होतं. पायांचा क्रम तपासाच. एकाच आकाराच्या दोन ट्रान्झिस्टरांत कलेक्टर आणि बेस अदलाबदल झालेले मी पाहिलेत, जळल्यावर.

एवढं करूनही १५५चा आयसी खरंच मेलेला निघाला, तर मग दुसरा ४६५. तो निवडताना 'बंद आहे' असं म्हणून विकला जाणारा घेऊ नका, तोही कदाचित त्याच आयसीपायी बंद असेल. ट्यूब फुटलेला, सांगाडा वाकलेला किंवा नॉब तुटलेला घ्या. पडून मेलेल्या यंत्राच्या आत पार्ट बहुधा धडधाकट असतात. सुटे आयसी घेणार असाल तर नंबर खरवडून नवा छापलेले नकली तुकडे फिरत असतात, हे लक्षात ठेवा.

४६५ला मेमरी नाही हे तुमचं नशीब. पुढेमागे या नादात पडून नंतरच्या काळातलं यंत्र घेतलंत, तर सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी आत बॅटरी कुठे आहे ते शोधा. ह्युलेट-पॅकार्डच्या ३४७८ए मल्टिमीटरचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक ठेवणारे आकडे) एका लिथियम बॅटरीच्या जोरावर मेमरीत टिकतं. बॅटरी सरळ उपटली की आकडे गेले. आधी त्यांची प्रत काढायची, मग बॅटरीला समांतर दुसरा सप्लाय देऊन ती बदलायची. ईप्रॉम (काचेच्या खिडकीतून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की पुसली जाणारी मेमरी चिप) असतील तर त्यांच्याही प्रती काढा, आणि खिडकीवरचा स्टिकर तसाच राहू द्या.

उलट, ४६५पेक्षाही जुना, व्हॉल्व्हचा टेक्ट्रॉनिक्स मिळाला तर आतल्या सिरॅमिक पट्ट्यांवर साधं सोल्डर वापरू नका. त्यांना सुमारे ३ टक्के चांदी असलेलं लागतं, नाहीतर पट्टीवरचा चांदीचा थर सोल्डरमध्ये विरघळून निघतो. कंपनी त्या सोल्डरचं छोटं रीळ स्कोपच्या आतच ठेवायची. कधीकधी ते अजून जागेवर सापडतं.

सध्या एवढंच करा: बीम फाइंड दाबल्यावर काय दिसलं आणि पाचही सप्लायचे आकडे, रेझिस्टन्स आणि व्होल्टेज दोन्ही, खाली कॉमेंटमध्ये लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.